बगीच्यातली पाने बाहेर पाठवू नका: वसाहतीच्या समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद, बगीचा समिती,
तसेच इंदूरच्या ज्या ज्या कॉलनीत, मोहल्ल्यात आणि गणेश मंडळात अशी समिती असेल तिथल्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

पाडव्याच्या सकाळी गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा घ्यायला मी बगीच्यात गेले, तेव्हा फाटकावर समितीची सूचना लागलेली दिसली. पानगळीमुळे होणारी घाण कायमची मिटावी म्हणून बगीच्यातल्या सगळ्या मोकळ्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसवायचे, झाडांच्या बुंध्यांभोवती हातभर गोल तेवढा मोकळा ठेवायचा, आणि पडलेली पाने रोज झाडून, पोत्यांत भरून बाहेर द्यायची. काम पावसाळ्याआधी पुरे करायचे. घरटी वर्गणीचा आकडाही खाली लिहिला आहे. तासाभराने त्याच झाडाची कोवळी पाने आपण सगळ्यांनी गुळाबरोबर प्रसाद म्हणून खाल्ली.

समितीतल्या बहुतेकांना मी लहानपणापासून पाहिले आहे. कुणाला मी अरे-तुरे करते, कुणी मला काकू म्हणते. घरी बोलावून चहावर सांगता आले असते. पण ही गोष्ट आपल्या एकट्या वसाहतीची राहिलेली नाही. माझ्या माहेरच्या मोहल्ल्यातला बगीचा असाच झाकला गेला, मग बहिणीच्या कॉलनीतला. तिथे आता उन्हाळ्यात संध्याकाळी सातलाही बाकावर बसवत नाही, खालून झळ येते. म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी ३१ वर्षे मातीच्या प्रयोगशाळेत काढली. देपालपूर, सांवेर, हातोदकडचे शेतकरी कापडी पिशवीत अर्धा किलो माती बांधून आणत. वाळवून, कुटून, चाळून ती आमच्या टेबलावर येई. एक तपासणी तर मी हजारो वेळा केली असेल. चाळलेली माती काचेच्या चंबूत घ्यायची, तीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल ओतायचे, अर्धा तास ठेवायचे आणि किती डायक्रोमेट खर्ची पडले ते मोजायचे. डायक्रोमेट नारिंगी असते. मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन, भरपूर असला की नारिंगी रंग हिरवटाकडे झुकतो. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर शेतकऱ्याच्या माती-तपासणीच्या कार्डावर ‘कमी’ लिहायचे, ०.५ ते ०.७५ पर्यंत ‘मध्यम’, त्याच्या वर ‘जास्त’. माळव्याची माती दिसायला काळीभोर, त्यामुळे कार्डावर ‘कमी’ वाचून शेतकरी वाद घालत. मला त्यांना समजावावे लागे की हा काळेपणा खडकातून आलेल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा कुजाचा आहे. रंग राहतो, कस जातो. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ म्हणून जिची ओळख, त्या माळव्याच्या मातीच्या कार्डावर मी वर्षानुवर्षे ‘कमी’ लिहीत आले, आणि दर वेळी लिहिताना वाईट वाटत असे.

हा कर्ब येतो कुठून? पानांतून, मुळांतून, काडीकचऱ्यातून, शेणातून. दुसरीकडून कुठूनही नाही. युरियाच्या पोत्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतो. मातीला लागणारा कुजलेला पाला त्यात नसतो.

आता आपल्या बगीच्याकडे या. दोन कडुनिंब, एक पिंपळ, एक करंज, एक जांभूळ आणि भिंतीलगतचा गुलमोहर. फाल्गुनात पान पिवळे पडू लागते तेव्हा झाड काय करत असते ते मी जवळजवळ प्रत्येक भेटीला आलेल्या मुलाला सांगत आले आहे, आज तुम्हाला सांगते. पान सोडण्याआधी झाड त्यातले हरितद्रव्य मोडते आणि त्यातला नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, फांदीत परत ओढून घेते. साधारण निम्मा माल असा घरात परत येतो. पिवळा रंग दिसतो तो याच आवराआवरीमुळे. कॅल्शियमला मात्र परतीची वाट नसते, तो पानातच राहतो. मग देठ सुटतो. उरलेला नत्र, उरलेला स्फुरद, बहुतेक सगळा कॅल्शियम आणि पानाचा कर्बाचा सांगाडा जमिनीवर येतो.

पुढचे काम जमिनीवरच्या मंडळींचे. चैत्र-वैशाखात पान कुरकुरीत राहते, त्याखालची माती तेवढी सावलीत असते. पहिला पाऊस झाला की बुरशीचे पांढरे तंतू त्यात शिरतात, मागोमाग जिवाणू, वाणी किडे, गांडुळे. गणपती येईपर्यंत पिंपळाच्या पानाची नुसती शिरांची जाळी उरते. लहानपणी आपण ती वहीत जपून ठेवत असू, तीच जाळी. पानातला नत्र या काळात अमोनियमच्या रूपात सुटतो, मग एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट, आणि ते पाण्यात विरघळून मुळाशी पोहोचते. थोडा नत्र वायू होऊन हवेत परत जातो. हवेचे ७८ टक्के तोच आहे. करंजासारखी शेंगांची झाडे मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र पुन्हा मातीत आणतात. सोयाबीनही तेच करते, म्हणून माळव्याचे शेतकरी त्याला नत्राची खते कमी घालतात.

स्फुरदाची गोष्ट अधिक कठीण आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. स्फुरद हवेत नसतो, त्यामुळे हवेतून परत मिळण्याची सोय नाही. तो खडकातून येतो. आपल्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात मेघनगरच्या बाजूला असा स्फुरदाचा खडक सापडतो, पण देशाची गरज इतकी मोठी आहे की बहुतेक स्फुरद आपण परदेशातून आणतो. म्हणजे पिंपळाचे मूळ वर्षभर कणाकणाने जो स्फुरद गोळा करते, बुरशीच्या तंतूंना साखर देऊन त्यांच्याकरवी खडकाच्या फटींतून मागवून घेते, तो आपण एका सकाळी झाडूने गोळा करून पोत्यात घालतो. दहा वर्षे असे केले तर झाड लगेच मरत नाही. ते विरळ होते, पान लहान येते, वरच्या फांद्या वाळतात, आणि मग एखाद्या वादळात कोसळते. तेव्हा लोक म्हणतात की झाड जुने झाले होते.

पानांचा ढीग दोन-तीनदा भिंतीपाशी पेटवलेलाही मी पाहिला. कुणी पेटवला ते मला विचारायचे नाही. एवढेच सांगते, की जाळल्यावर पानातला कर्ब, नत्र आणि बराचसा गंधक धूर होऊन जातो. राखेत पालाश (पोटॅशियम), चुना आणि थोडा स्फुरद राहतो. धूर आपल्याच घरात येतो, आणि राख नाल्यात जाते.

माझी आजी देपालपूरकडच्या खेड्यात राहायची. घरामागे उकिरडा होता. चुलीची राख, गोठ्यातला गवत-गाळ, भाजीची देठे, अंगणातला केर, सगळे तिथे जाई. आम्ही शहरातली नातवंडे तिकडे फिरकत नसू. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आजोबा बैलगाड्या भरभरून तो शेतात न्यायचे आणि खाली नवा खड्डा मोकळा व्हायचा. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असे आपण म्हणतो. आजीच्या उकिरड्याचे पांग दरवर्षी फिटत. आज शहरातल्या मराठीत हा शब्द फक्त नावे ठेवायला उरला आहे. फाटकावरच्या सूचनेत ‘उकिरडा झाला आहे’ असे वाक्य आहे, ते वाचून मला आजीची आठवण झाली आणि थोडे दुखलेही.

कारण हा उकिरडा शास्त्रशुद्ध कसा करायचा हे साऱ्या जगाला ज्या गावाने शिकवले, ते गाव इंदूर आहे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते, १९३१ पर्यंत. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि कामात बरोबरीने होत्या. हॉवर्ड इथल्या शेतकऱ्यांकडून शिकले, चीनमधल्या शेतकऱ्यांच्या पद्धतीवर विचार केला, आणि मग काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर किती जाडीचे, ओल किती, उलथापालथ कधी, हे प्रत्यक्ष मोजून ठरवले. त्या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती गेली. १९३१ मध्ये या कामावरचे पुस्तक ऑक्सफर्डने छापले, त्याच्यावर दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा हे खत कसे करतात ते पाहायला मुद्दाम त्या संस्थेत गेले. त्याच जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे, आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्याच्यासमोरून गाडीने जातात.

वाडांचे नाव आपल्या मराठी वस्त्यांत कुणाला ठाऊक नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. अहिल्यादेवींचे घाट, होळकरांच्या छत्र्या, राजवाडा, हे सगळे आपण पाहुण्यांना दाखवतो. खताच्या खड्ड्यापाशी त्यांना कोण नेणार? पण मला विचाराल तर या शहराने जगाला दिलेल्या गोष्टींत तो खड्डा फार वरचा आहे.

पद्धत सांगते, म्हणजे ती आपल्याला झेपणारी आहे हे कळेल. कोरड्या पाल्यात कर्ब खूप आणि नत्र थोडा असतो, म्हणून नुसता पाला वर्ष-वर्ष पडून राहतो. भाजीच्या देठा-सालांत, उष्ट्या अन्नात नत्र जास्त आणि ओल जास्त, म्हणून नुसता ओला कचरा कुजून वास मारतो. दोन्ही एकत्र केले की कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तीसास एकच्या आसपास येते, आणि जिवाणूंना तेच हवे असते. वीतभर पाला, त्यावर तीन-चार बोटे ओला कचरा किंवा शेण, त्यावर मूठभर माती आणि राख, पाण्याचा शिडकावा, पुन्हा पाला. ओल किती? फडके पिळून वाळत घालताना जेवढी असते तेवढी. चार-पाच दिवसांत ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. साठ अंशांपर्यंत जातो, त्यात तणाचे बी आणि रोगजंतू मरतात. पंधरा दिवसांनी उलथायचा, महिन्याने पुन्हा, दोन महिने झाले की तिसऱ्यांदा. तीन महिन्यांनी हातात भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारे खत येते आणि कर्ब-नत्राचे प्रमाण दहा-बारास एकवर आलेले असते. उन्हाळ्यात खड्डा करायचा, कारण ओल टिकते. पावसाळ्यात जमिनीवर ढीग रचायचा, कारण खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते. हा फरकसुद्धा हॉवर्ड-वाडांनी इथल्या पावसात भिजून शिकलेला आहे.

नगर निगमाच्या कामाला मी कमी लेखत नाही, हे स्पष्ट करते. २०१७ पासून वर्षानुवर्षे हे शहर स्वच्छतेत पहिले आले ते हजारो सफाई कामगारांच्या पहाटेच्या कष्टांमुळे. देवगुराडियाला जुन्या कचऱ्याचा जो डोंगर होता, सुमारे १३ लाख टनांचा, तो आज नाही. त्याच बाजूला २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा गॅसचा प्रकल्प सुरू झाला. कचऱ्यातल्या कर्बाचा गॅस होतो आणि नत्र-स्फुरद मागे राहून त्याचे खत होते, ही उत्तम गोष्ट आहे. पण जे पान झाडाखाली पडल्यापडल्या माती होणार होते, त्याला गाडीत घालून शहराबाहेर नेण्यात कामगारांचे कष्ट, डिझेल आणि आपली वर्गणी का घालवायची? आणि मग चैत्रात त्याच झाडांसाठी नर्सरीतून खताची पोती आपणच विकत आणतो. गेल्या वर्षी आणली होती, हिशेबाच्या वहीत नोंद असेल.

आता पाण्याकडे येते. ब्लॉकचा खरा घाव पाण्यावर बसणार आहे.

आपण माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास राहतो. दक्षिणेला सिमरोळचा घाट ओलांडला की पडणारा पाऊस नर्मदेला जातो आणि खंभातच्या आखातात, म्हणजे पश्चिम समुद्राला मिळतो. आपल्या छपरावर पडणारा पाऊस कान्ह नदीतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, तिथून यमुना-गंगा करत बंगालच्या उपसागराला. पण आपल्या नळाला पाणी कुठले येते? मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर दुरून, ४०० मीटरांहून अधिक उंच उचलून आणलेली नर्मदा. १९७० साली त्यासाठी या शहराने मोठे आंदोलन केले, १९७८ मध्ये पाणी आले. माझी आई तेव्हा नळाला हळदकुंकू लावून आली होती. पश्चिमेला जाणारी नदी आपण विजेच्या जोरावर डोंगर चढवून आणतो, एकदा वापरतो आणि पूर्वेच्या वाटेला लावतो. इतके महाग पाणी पिणाऱ्यांनी अंगणात फुकट पडणारा पाऊस तरी गटारात ढकलू नये.

आपल्या पायाखाली काळा दगड आहे, लाव्हाचा. त्यात वाळूसारखी पोकळी नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. ही जागा लहान असते, पावसाळ्यात भरते आणि वैशाखात रिकामी होते. वसाहतीचा बोअर एप्रिलपासून गुळण्या करू लागतो तो याचमुळे. तो भरण्याची वाट एकच, माती. आणि मातीत पाणी मुरते ते गांडुळांच्या बिळांतून, कुजलेल्या मुळांनी सोडलेल्या नळ्यांतून, पाल्याच्या थरातून. पाला नसेल तर पावसाचा थेंब मातीच्या कणांना फोडतो, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि वर पापडी धरते. काळ्या मातीत तर ती सिमेंटसारखी बसते.

मागच्या आठवड्यात मी दोन्ही बूड कापलेला तुपाचा डबा घेऊन बगीच्यात गेले. पिंपळाखाली, जिथे झाडू पोहोचत नाही त्या कोपऱ्यात, डबा चार बोटे रोवला आणि तांब्याभर पाणी ओतले. घरी येऊन पोहे भिजवून परत गेले तोवर पाणी जिरले होते. मग फाटकाजवळ, जिथे रोज झाडले जाते आणि स्कूटर लागतात, तिथे तेच केले. पोहे झाले, खाल्ले, चहा झाला, तरी पाणी डब्यात उभे होते. समितीतल्या कुणीही यावे, डबा मी देते.

झाडांचे पाणीही या हिशेबात धरा. भर उन्हाळ्यात डेरेदार कडुनिंब दिवसाला शेकडो लिटर पाणी मुळांनी वर ओढून पानांतून हवेत सोडतो. त्याच्या सावलीत गार वाटते ते नुसते ऊन अडल्यामुळे नाही, त्या बाष्पामुळेही. बुंध्याभोवती हातभर गोल ठेवला की झाले असे सूचनेत गृहीत धरले आहे. पण झाडाची पाणी पिणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. नेमकी तीच जमीन आपण झाकणार आहोत.

आणि मुरले नाही ते पाणी जाते कुठे? फरशीवरून, रस्त्यावरून, तेल-धूळ-पाने घेऊन नाल्यात, नाल्यातून कान्हमध्ये. नत्र आणि स्फुरद मातीत असले की अन्न असतात. साचलेल्या पाण्यात गेले की त्यांच्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे उलटे होऊन वर येतात. सिरपूरच्या तलावाने हे सोसले आहे. होळकरांच्या काळातला हा तलाव भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे खपून वाचवला; २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर या दोघांना महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत जागा मिळाली. हिवाळ्यात पक्षी पाहायला आपण तिथे डबे घेऊन जातो. तिथल्या जलपर्णीत आणि आपल्या नाल्यात सोडलेल्या सांडपाण्यात नाते आहे, हे जाताना मुलांना सांगत जा. जमिनीखाली गळणाऱ्या मैल्याच्या टाकीतला नत्रही नायट्रेट होऊन बोअरमध्ये उतरू शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तपासणी सोपी आहे आणि बोअरच्या पाण्याची ती दरवर्षी व्हायला हवी.

तुमच्या शंका मी ऐकल्या आहेत. स्वच्छता सर्वेक्षणाचे लोक येतात तेव्हा पाने दिसली तर गुण जातील, ही एक. पाला झाडाखाली विटांच्या कडेत नीट राखलेला असला आणि शेजारी खताचा खड्डा चालू असला, तर घरच्या घरी कचरा जिरवणे हे आपल्या बाजूचेच बोलते. डासांची भीती दुसरी. डास कोरड्या पाल्यात अंडी घालत नाही, त्याला साचलेले पाणी लागते. ते ब्लॉक खचलेल्या जागी आणि कुंडीखालच्या ताटलीत मिळते. कडुनिंबाचे खत होत नाही असेही कुणी म्हणाले. होते, थोडे सावकाश. कडुनिंबातली द्रव्ये नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंद करतात, आणि नेमक्या याच गुणासाठी २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळीचे तेल चोळतात. बाकीच्या पानांत मिसळा, अडचण येत नाही.

एका शंकेशी मात्र मी सहमत आहे. ओल्या पाल्यावरून म्हातारी माणसे घसरतात. माझे यजमान काठी घेऊन चालतात, त्यांना सपाट वाट हवीच. म्हणून कडेने एक माणूस आणि एक काठी सुखाने जाईल एवढी पायवाट करा, ब्लॉकचीच करा. फक्त खाली सिमेंटचा थर न घालता वाळू घाला आणि फटी मोकळ्या ठेवा. ती वाट रोज झाडली जावी, झाडलेला पाला आत ढकलावा. बाकी जमीन जशी आहे तशी असू द्या.

खड्ड्यासाठी पूर्वेच्या भिंतीलगतची, जुन्या झोपाळ्यामागची जागा मला योग्य वाटते. दुपारनंतर तिथे सावली असते आणि घरांच्या खिडक्या त्या बाजूला नाहीत. दोन खड्डे लागतील, एक भरायला, एक पिकायला. सगळ्या घरांचा ओला कचरा एकदम घेऊ नका, जमणार नाही आणि वास आला की योजना बंद पडेल. पहिले तीन महिने दहा घरे पुरेत. वाटेल त्या घराने यावे. शिजलेले तेलकट अन्न मात्र सध्या गाडीतच जाऊ द्या. छपराचे पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात उतरवायला नळ्यांचा खर्च येईल, ब्लॉकच्या वर्गणीत तो भागावा. माझा वाटा मी आजच द्यायला तयार आहे.

गणेश मंडळाच्या मुलांना वेगळे सांगते. दहा दिवसांचे निर्माल्य याच खड्ड्यात येऊ द्या. दूर्वा, जास्वंद, केवडा, केळीची पाने, सगळे चालेल. दोरा, चमकी आणि थर्माकोल तेवढे काढून. शाडूच्या मूर्तीचे विसर्जन आपण मागची काही वर्षे पिंपात करतो, त्या मातीचे पुढे काय होते हे मी कधी विचारले नव्हते, चूक माझी. यंदा ती जांभळाखाली पसरू या.

ब्लॉकची गाडी येत्या आठवड्यात येणार असे कळले. पायवाटेपुरते उतरवून घ्या आणि उरलेले परत पाठवा. दुकानदार न उघडलेला माल परत घेतो का ते मी उद्या जाऊन विचारते. रविवारी सकाळी सातला मी झोपाळ्यामागे असेन. एक फावडे आणि एक घमेले माझ्याकडे आहे, टोपल्या शेजारून मिळतील. पहिल्या थरासाठी पाला पिंपळाखाली आहेच. शेण मिळवायची जबाबदारी कुणीतरी घ्यावी.

आपली,
बगीच्यासमोरच्या दुसऱ्या ओळीतली काकू
इंदूर, चैत्र